लाथेआधी नमस्कार

कोरियन भाषेत एकाला 'हाना' म्हणतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी पहिली संध्याकाळ बरी गेली असती. आमच्या घरी ण म्हणायची पद्धत नव्हती. पाणी ते पानी, कोण ते कोन आणि हाणा ते हाना. त्यामुळे तायक्वांदोच्या क्लासात, मागच्या रांगेत मुठी आवळून उभी असताना सरांनी समोरून जोरात "हाना!" म्हटलं, तेव्हा मी शेजारच्याला हाणलं. बाकी सगळ्यांनी हवेत हाणलं होतं, ते मला नंतर दिसलं.

शेजारी सावजीचा पोरगा होता. त्याच्या घरची खाणावळ होती, त्याच्या अंगाला कायम मसाल्याचा वास यायचा, आणि माझ्याहून वर्षभराने लहान असून तो रुंदीला दीड माणूस होता. तो पोट धरून खाली बसला. रडला नाही, पण फार दुखावलेल्या आवाजात त्याने विचारलं, "सर, हे पोरगी काहून मारते?"

"काहून मारलं वं त्याले?" सरांनी मला विचारलं.

"तुम्हीच म्हटलं ना, हाना."

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग पहिल्या रांगेतला एक जण फुटला आणि त्याच्या मागोमाग अख्खा हॉल. सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि शांतपणे सांगितलं, "हाना म्हणजे एक. हाना, दूल, सेट, नेट. गिनती आहे ते." पुढे नवीन कोणी आलं की सर आधीच सांगून टाकायचे, "हाना म्हणजे एक आहे. हाना म्हटलं की हानू नका." त्या क्लासला माझं हे पहिलं योगदान.

तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, आणि कोणी हातपाय झाडले की त्याला सरसकट कराटे म्हणत. तायक्वांदो हा शब्द आमच्या आईला शेवटपर्यंत म्हणता आला नाही, ती 'तुह्यं ते ताईचं' म्हणायची. क्लास सक्करदऱ्याकडच्या एका समाजभवनात भरायचा. लग्न असलं की आम्हाला गच्चीवर हाकलत, आणि खाली वरात आली की आम्ही बँडच्या ठेक्यावर लाथा मारायचो. सर दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते ही विद्या दुसऱ्या शहरात एकाकडून शिकले होते, तो आणखी एकाकडून शिकला होता, आणि त्या एकाने म्हणे खराखुरा कोरियन माणूस पाहिला होता. नागपूरला पोचेपर्यंत मध्ये किती कोरिया गळाला असेल, देव जाणे.

मी तिथे गेले कशी, तर सर आमच्या शाळेत प्रात्यक्षिक द्यायला आले होते. त्यांनी हाताने छपराचं कवेलू फोडलं, सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सरांनी 'कोणी पाय वर करून दाखवते का' असं विचारलं. मैत्रिणींनी मला पुढे ढकललं. मी पंधराव्या वर्षीच बापाच्या उंचीला लागले होते. शाळेत मला शिडी म्हणत, घरी ताडमाड म्हणत, आणि पाहुणे आले की आई मला बसून राहायला सांगायची. मी पाय वर केला. तो सरांच्या टोपीच्या वर गेला. सर बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "हिचे पाय पाहा. देवानं द्यावं त असे द्यावं."

माझ्या पायांबद्दल कोणी चांगलं बोललं, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. त्या एका वाक्यावर मी तो क्लास लावला. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. त्यांचं म्हणणं एकच होतं, टायपिंग. मुलीला टायपिंग आलं की जगाला तोंड देता येतं. त्यांनी मला एकदा इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन बसवलंही होतं. तिथलं टेबल इतकं बुटकं की माझे गुडघे खालून त्याला टेकले, आणि मी पाय हलवला की मशीनही हलायचं. तिथले मास्तर म्हणाले, "पाय कुठंतरी ठेव ना बाई." कुठे ठेवू? काढून खुंटीला टांगू? मी घरी येऊन जे भांडले ते भांडले. शेवटी तोड निघाली. तायक्वांदोच्या पहिल्या परीक्षेत पास होऊन पिवळा पट्टा आणला तर क्लास चालू राहील. नाही आणला तर दुसऱ्या दिवसापासून टायपिंग, आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही. मी म्हटलं, कबूल. मला वाटलं, त्यात काय मोठं.

आईने मांजरपाटाचा डोबोक शिवला. डोबोक म्हणजे त्या लोकांचा पांढरा गणवेश. आईने तो बाबांच्या पायजम्याच्या बेताने कापला आणि, आम्ही विणकर माणसं असल्यामुळे, त्याला सुताला देतात तशी खळ दिली. तो इतका कडक झाला की मी नुसता हात पुढे केला तरी बाहीतून 'फाट' असा आवाज यायचा. तो घालून गेले त्या पहिल्या दिवशी सर चमकून मागे वळले. "अशी ताकद पायजे," ते पोरांना म्हणाले. ती ताकद तांदळाच्या पेजेची आहे, हे मी कशाला सांगते.

हवेत लाथ मारण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. जोडीदार समोर आला आणि सगळं फिसकटलं.

सरांनी पहिल्यांदा मला सावजीच्या पोराशी जोडीला उभं केलं. क्लासात आम्ही तीन मुली होतो, पण एकीचं लग्न ठरलं आणि दुसरीला नाच शिकायचा होता, म्हणून मी मुलांच्यात. सर म्हणाले सुरू करा. मी माझा तो देवाने दिलेला पाय उचलला आणि त्याच्या बरगडीवर छान लावला. आणि लगेच खाली वाकले, त्याच्या अंगाला बोटं लावली आणि ती माझ्या छातीला लावली.

पाय लागला की नमस्कार. मी ठरवून केला नव्हता, हात आपोआप गेला. आपल्याकडे सगळ्यांचाच जातो, पण आमच्या घरी हे जरा जास्तच मुरलेलं होतं. आजोबांचा हातमाग होता. मागाच्या खालच्या पावड्या पायाने दाबाव्या लागतात, दिवसभर पायच चालवायचे असतात. आजोबा रोज सकाळी त्या पावड्यांना आधी हात लावून नमस्कार करायचे आणि मगच पाय ठेवायचे. लाकडालाही नमस्कार करणाऱ्या घरातली मी. सावजीचा पोरगा तर जिवंत माणूस होता.

गंमत पुढेच आहे. मी नमस्कार केल्याबरोबर त्याने दोन्ही हात खाली टाकले आणि म्हणाला, "असू दे, असू दे." तोही आमच्यासारख्याच घरातला.

सरांनी कपाळाला हात लावला. पुन्हा सुरू करायला सांगितलं. मी पुन्हा लाथ मारली, पुन्हा वाकले. या वेळी त्याचं डोकं चाललं, आणि मी वाकल्यावर त्याने माझ्या डोक्यात लाथ घातली. घातली आणि स्वतःच पांढरा पडला. मुलीच्या डोक्याला पाय. "पाप लागन मले," असं म्हणत त्याने माझ्या पायाला हात लावले. मी म्हटलं, असू दे. आता सगळा क्लास आपापलं सोडून आमच्याकडे बघत होता.

"हे तायक्वांदो आहे का हळदीकुंकू?" सर म्हणाले. "लाथ मारून नमस्कार करून राहिली तू. परीक्षेत असं केलं त तुले सरळ घरी पाठवतीन."

ते घरी पाठवणं म्हणजे टायपिंग. बाबांशी झालेली बोली मी सावजीच्या पोराला तिथेच सांगून टाकली.

मग माझे हात कसे थांबवायचे, हाच अख्ख्या क्लासचा उद्योग झाला. सरांनी माझ्या दोन्ही हातांत खडू दिले आणि ते सोडायचे नाहीत असं बजावलं. मी खडूंसकट नमस्कार केला आणि सावजीच्या पोराच्या पोटावर पांढरी रेघ उमटली. मग त्यांनी माझे हात पट्ट्याने मागे बांधले. मी लाथ मारली आणि हात येईनात म्हणून मानच खाली घातली, आणि तोल जाऊन त्याच्यावर पडले. मग त्यांनी मला माणसापासून तोडलं आणि लाथा मारायला एका पोत्यासमोर उभं केलं.

पोत्याशी माझं बरं जमत होतं. पण एके दिवशी त्याची शिवण उसवली आणि आतून रद्दी बाहेर आली. वह्या, जुनी पुस्तकं, एक अर्धं भूगोलाचं पुस्तक. इतके दिवस मी विद्येला लाथा मारत होते. मी तिथल्या तिथे पोत्याला इतके नमस्कार केले की सर म्हणाले, "आता उदबत्तीबी लाव."

उपाय काढला तो सावजीच्या पोराने. त्याच्या डोक्यात पैसे आगाऊ घेण्याचा व्यवहार पक्का होता, खाणावळीत महिन्याची मंडळी तशीच जेवायची. तो म्हणाला, "तू सारे नमस्कार आधीच करून ठेव ना वं. जेवढ्या लाथा मारायच्या तेवढे. मग मोकळी."

सरांना ते फार आवडलं. ते म्हणाले, "अगं, कोरियन लोक तेच करतेत. लढतीच्या आधी समोरच्याले वाकतेत ना? क्यॉन्ने म्हणतेत त्याले. तो साऱ्या लाथांचा नमस्कारच समज." सरांनी ते तिथल्या तिथे रचलं होतं हे मला त्या वयातही कळत होतं, पण माणूस बुडायला लागला की काडीचाही आधार घेतो.

घरी येऊन मी आईला हे शास्त्र सांगितलं. ती दळण निवडत होती. तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"आधी माफी अन् मग लाथ?" ती म्हणाली. "मंग त चोरबी देवाले हात जोडूनच निघतेत घरून."

"तसं नाही आई."

"मले एक सांग. हातानं मारलं त एकवेळ समजते. हे लोक पायानं काहून मारतेत? त्याहिच्या घरी माय नाही का?"

मी म्हटलं, तिकडे थंडी फार असते, हात खिशात असतात. आईला ते पटलं. पण मग ती म्हणाली, "पाय लागला की हात जाते, हे मी तुले शिकवलं नाही वं. तू रांगत होती तेव्हापासून मले पाहून करून राहिली. जाईन कसं ते?" तिच्या आवाजात अभिमान होता. मला भयंकर राग आला, कारण जाणारच नसेल तर माझं टायपिंग नक्की होतं. मी पाय आपटत माडीवर गेले, जिन्यात मांजरावर पाय पडला, आणि मी मांजराला नमस्कार केला.

परीक्षेपर्यंत मी दर संध्याकाळी लढतीआधी सावजीच्या पोरासमोर कमरेत इतकी वाकायचे की माझी वेणी फरशीला लागायची. कधी तो आगाऊ नमस्कार पुरायचा, कधी हात जायचाच. अर्धा जायचा आणि मी तो मागे ओढायचे. सर म्हणायचे, आता काय माशी मारून राहिली का.

परीक्षा घ्यायला बाहेरगावचे मोठे सर आले. काळा पट्टा, कोरलेली दाढी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. ते हिंदीत बोलायचे आणि तेही कमी. आमचे सर त्यांच्या मागे असे उभे होते की जणू परीक्षा त्यांचीच आहे. गिनती झाली, हवेतल्या लाथा झाल्या, माझा डोबोक फाट फाट वाजला, मोठ्या सरांनी एकदा मान हलवली. मग त्यांनी लढत लावली. समोर कोण, तर तोच, मसाल्याच्या वासाचा.

मी वाकले. जेवढे आठवतील तेवढे सगळे नमस्कार त्यात कोंबले. आजोबांच्या पावड्यांचेही.

सुरू झालं. मी पहिली लाथ मारली, लागली, आणि माझा हात निघाला. अर्ध्यात धरला मी तो. मोठे सर बघत होते, त्यांच्या भुवया जवळ आल्या. दुसरी मारली. हात पुन्हा निघाला आणि या वेळी मला आवरला नाही, बोटं त्याच्या अंगापर्यंत पोचलीच. मोठे सर आमच्या सरांना काहीतरी हळूच बोलले. आमच्या सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून त्या बुटक्या टेबलापुढे जाऊन बसायचं आणि गुडघे कुठे ठेवायचे ते विचारायचं.

तेवढ्यात सावजीच्या पोराने, तोंडापुढे धरलेल्या मुठी उघडून, दहाही बोटं हवेत टायपिंग केल्यासारखी नाचवली. आणि ओळ संपल्यावर मशीनची घंटी वाजते तशी, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "टिंग."

तो मला मदत करत होता की चिडवत होता, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. माझं डोकं फिरलं एवढं खरं. लाथ मारली. हात गेला नाही. आणखी मारली. हात गेला नाही. मी मारतच गेले, एकेक पाय छातीवर, खांद्यावर, कानाजवळ. सरांनी ओरडून थांबवलं तेव्हा तो दीड माणूस फरशीवर बसला होता, आणि मी त्याच्यापुढे उभी होते, ताठ. तो धापा टाकत, सवयीने, मी न केलेल्या नमस्काराला म्हणाला, "असू दे, असू दे."

लोक हसले. मोठे सरही थोडे हसले. म्हणाले, "लडकी के पैर अच्छे हैं," आणि पिवळा पट्टा माझ्या हातात ठेवला. सावजीच्या पोरालाही दिला, कारण इतका मार खाऊन तो उठून उभा राहिला होता. आमच्या सरांनी आम्हा दोघांना उसाचा रस पाजला.

मी घरी पळत गेले. धीरच धरवत नव्हता. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत होती. सगळीकडे लाल पसारा. मी तो ओलांडत आत शिरले, आणि घाईत माझा पाय तिच्या गुडघ्याला लागला. चांगलाच लागला.

मी उभीच राहिले. पट्टा दाखवायला हात वर केलेला.

आईचा हात पुढे आला होता. आपण वाकलो की समोरचं माणूस वरच्या वर आपला हात धरतं ना, तसा. तोंडही 'असू दे' म्हणायला उघडलं होतं. तो हात तसाच थांबला. मग तिने तो मागे घेतला आणि पुन्हा मिरची उचलली.

"पास झाली वाटते," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं. मी पट्टा खाली टाकून वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावला, छातीला लावला.

"राहू दे आता," आई म्हणाली. "आठवून करून राहिली तू."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते, भांडणात मला कोणी हरवत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि देठं खुडायला लागले. टायपिंग टळलं होतं. बाबा आले, त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला, शब्दाला जागले, म्हणाले जा तुझ्या त्या क्लासला. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि पुढ्यात मिरच्या होत्या म्हणून कोणी काही विचारलं नाही.